पहिली गोणी

नवा माल आला की मालकाने ट्रकपुढे नारळ फोडायचा आणि पहिली वस्तू स्वतःच्या हाताने काढून माल निवडणाऱ्या बायकांपुढे ठेवायची, ही पावणे गावातल्या त्या भंगार गोदामाची रीत. धनाजीने नारळ फोडला, खोबरं वाटलं आणि लोखंडी आकडा घेऊन गोणी ओढायला तो पुढे झाला.

“आकडा ठेव,” शकुबाई म्हणाली. “हातानं काढ.”

धनाजी गोदामाचा मालक. कमरेला पेजर, बोटात खड्याची अंगठी. पण शकुबाई त्याच्याच गावची, पाटणकडची, भावकीतली चुलती. बाकीच्या बायका ज्याला शेठ म्हणत, त्याला ती खुशाल अरेतुरे करी. या सगळ्यांना गावाकडून त्यानेच कामाला आणलं होतं आणि हे तो कुणाला विसरू देत नसे.

ट्रक तळोज्याच्या एका कंपनीतून आला होता. नुसत्या रिकाम्या प्लास्टिकच्या गोण्या, आत पिवळी भुकटी चिकटलेली. त्या उलट्या करायच्या, झटकायच्या, हौदात धुवायच्या आणि ग्राइंडरला लावायच्या. धनाजीच्या लेखी काम एवढंच होतं.

एरवी ढिगात बादल्या, खुर्च्या, डबे, सलाइनच्या बाटल्या असं सगळं एकत्र येई. बायका टिचकी मारून आवाज ऐकत. तेवढ्याने कळलं नाही तर कडेचा तुकडा पेटवून धूर हुंगत. मेणबत्तीसारखा वास आला तर एका ढिगात, नाकाला झोंबला तर दुसऱ्यात. चुकीचा तुकडा ग्राइंडरमध्ये गेला की सगळा माल बाद. या कामात गोजराच्या नाकाला तोड नव्हती. मागच्या खेपेला याच कंपनीच्या थोड्या गोण्या भंगारात मिसळून आल्या, तेव्हा तिने सवयीने एकीत तोंड घालून वास घेतला. डोळे सुजले ते उतरले, पण तेव्हापासून तिला कशाचाच वास येत नाही. शेजारी दूध करपलं तरी तिला पत्ता नसतो. धनाजीने तिला बाटल्यांची झाकणं काढायला बसवलं होतं आणि वर उपकार केल्याच्या थाटात वावरत होता. शकुबाईच्या तळपायाची आग मस्तकात जाई ती यामुळेच.

रीतभात गावाकडे, इथे धंदा चालतो, असं धनाजीने हसून सांगितलं. मग तोंडाला फडकी बांधा म्हणाला. कुणीच उठेना तेव्हा त्याचा आवाज चढला. उद्या नावड्याहून दुसऱ्या बायका आणतो, तुम्ही गावाची एसटी धरा. हे ऐकून रखमा उठायला लागली. तिचा नवरा घरी बसून होता. शकुबाईने तिचा पदर धरून तिला खाली बसवलं.

“आण की दुसऱ्या. त्यांच्याफुडंबी पयली गोण तूच काढणार न्हवं? मग आत्ताच काढ. आत हात घाल, झटक, आन माज्या मांडीवर ठेव. लगेच उठतो आमी समद्या.”

साऱ्यांच्या नजरा धनाजीच्या हातावर खिळल्या. त्याने आकडा भिंतीला टेकवला. अंगठी काढून खिशात टाकली, बाही वर सारली. पहिल्या गोणीच्या तोंडापाशी हात नेला मात्र, थोडी भुकटी उडून मनगटावर बसली आणि इंगळी डसल्यागत त्याने हात मागे घेतला. मग कुणाकडेही न बघता तो नळावर गेला आणि साबण लावून लावून हात धूत राहिला.

परत आला तो ड्रायव्हर पंढरीला म्हणाला, ट्रक घेऊन जा आणि खाडीत मोकळा कर.

सुटलो बाई, असं रखमा पुटपुटली. शकुबाईला काही तसं वाटलं नाही. खाडीच्या चिखलात कालवं काढायला बायकाच उतरतात, हे ती रोज बघत होती. ती उठली, गोजराच्या दंडाला धरून तिलाही उठवलं आणि दोघी ट्रकच्या केबिनमध्ये चढून बसल्या.

“तळोज्याला घे,” तिने पंढरीला सांगितलं. “जिथनं आणलंस तितंच.”

धनाजी धावत खिडकीपाशी आला. कंपनीवाले गेटसुद्धा उघडणार नाहीत, म्हणाला.

“नगं उगडू देत,” शकुबाई म्हणाली. “ट्रक गेटाम्होरं लावून शेजारी बसतो आमी. कचऱ्याशेजारी बसायची सवय आमाला हाय. त्यास्नी न्हाई.”