मिटलेल्या पापण्या

अतिदक्षता विभागातल्या गार, कोरड्या हवेने वडिलांच्या खाटेशेजारी बसलेल्या शलाकाच्या डोळ्यांतला ओलावा उडाला आणि पापण्यांत बसवलेल्या पट्ट्यांनी आपोआप तिचे डोळे मिटले. आता त्या ऊब देऊन पापण्यांतल्या तेलाच्या ग्रंथी मोकळ्या करणार होत्या. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं सतत खुपायचं, ते या पट्ट्यांमुळेच थांबलं होतं. मात्र डोळे पुरते ओलावल्याशिवाय त्या उघडू देत नसत.

तेवढ्यात धाकटा भाऊ गिरीश म्हणाला, "ताई, अण्णांनी डोळे उघडले."

वडील आठवडाभर बेशुद्ध होते. शलाकाने बोटांनी पापण्या ओढून पाहिल्या. त्या हलल्या नाहीत.

"अण्णा, मी इथेच आहे," म्हणत तिने चाचपडत त्यांचा हात धरला. त्यांची बोटं किंचित वळली, मग सैल पडली. नर्सने तिला हळूच बाजूला घेतलं.

तिच्या पापण्या उघडल्या तेव्हा अण्णांचे डोळे कायमचे मिटले होते.

"माझ्याकडे बघितलं का रे त्यांनी?"

"तुझ्याकडेच बघत होते," गिरीश म्हणाला. "तू डोळे उघडशील म्हणून वाट बघत होते."