अंड्यांचा नवस

"फुगव," मैनाबाई म्हणाली आणि गळ्यातली टेप काढून तिनं लेकाच्या, पियुषच्या, छातीभोवती घेतली.

पियुषला आधी भांडायचं होतं. परवा बालाघाटच्या मैदानावर पोलीस भरतीचं माप होतं. मागच्या खेपेला धावण्यात पहिला येऊनही छाती एका सेंटिमीटरनं कमी भरली म्हणून तो तिथून परत आला होता. यंदा छाती जिथवर पोचायला हवी, तिथं त्यानं आईच्या या शिवणाच्या टेपवर लाल पेनानं रेघ मारून ठेवली होती.

स्वयंपाकघरातल्या भिंतीवर त्याच्याच अक्षरातली यादी चिकटवलेली होती. सगळ्यात वर अंडी, खाली डब्यातली पावडर, मग पनीर, सोयाबडी आणि पार तळाला चणे-डाळ. अंड्यातलं प्रोटीन सगळंच्या सगळं अंगी लागतं, डाळीतलं अर्धंमुर्धं, असं जिमवाला चैतराम सांगायचा. पावडरीनं पोट बिघडलं, पनीर रोज परवडत नव्हतं, म्हणजे उरली अंडी. आणि महिन्याभरापूर्वी नेमकी आई रामपायलीला जाऊन रामापुढं नवस बोलून आली, की वर्दी मिळेपर्यंत पोराच्या तोंडाला अंडं लागणार नाही.

"सोडायचं होतं तं भेंडी सोडती," तो आताही चिडून म्हणाला. "ज्याच्यानं छाती वाढते तेच काहून सोडलं?"

"नावडतं सोडलं तं देव कायले ऐकंल?"

तिनं स्वतःही मासोळी सोडली होती, आणि मासोळीशिवाय तिला घास गोड लागत नसे. महिनाभर तिनं त्याला वाट्या भरभरून डाळ, सोयाबडी, मोडाचे चणे चारले. डाळीत जे नसतं ते भात भरून काढतो, तुझा आजा यावरच धानाचे भरलेले कट्टे पाठीवर उचलायचा, हे रोजचं पालुपद. आजाची छाती कोणी मोजली नव्हती, हे त्याचं रोजचं उत्तर. एकदा तर तो बसस्टँडवरच्या गाडीवर गेला, उकडलेलं अंडं सोललंही. पण तसंच परत ठेवून आला. माप कमी भरलं असतं तर ते एक अंडं त्याला जन्मभर ऐकावं लागलं असतं.

"फुगव ना," आई पुन्हा म्हणाली.

त्यानं श्वास ओढला, डोळे मिटले. टेप आवळली गेली.

"भरली," ती म्हणाली. "पाय ना, रेघेवर आली."

त्यानं खाली पाहिलं. खरंच टेपचं टोक लाल रेघेवर होतं. क्षणभर त्याला भिंतीवरची यादी फाडून टाकावीशी वाटली. मग त्याला दिसलं, टेप आणि छातीच्या मध्ये आईचं बोट होतं. वीस वर्षं वस्तीतल्या बायांचे ब्लाउज शिवणारी आई माप घेताना असंच बोट ठेवायची.

"बोट काढ," तो म्हणाला.

तिनं बोट काढलं. टेप आवळली आणि रेघ सरकली. मागच्या खेपेइतकंच, एक सेंटिमीटर कमी.

मैनाबाईनं टेप सोडवून पुन्हा गळ्यात टाकली.

"बिना बोटाचं माप मी कोणाचंच नाई घेतलं रे," ती म्हणाली. "माणसाले दाटते."