अग्निगडावरचा राक्षस

“आज मी मुद्दाम ढाल टाकून उभी राहिले,” ऐंशी वर्षांच्या मालिनीताई पडद्यावरून कडाडल्या, “तरी त्या राक्षसाची गदा माझ्यापर्यंत पोचेना! काय केलंयस तू त्याला?”

‘अग्निगड’ हा जुनापुराणा ऑनलाइन खेळ एकटीने सांभाळणाऱ्या शर्वरीला खरं सांगावंच लागलं. खेळणारे म्हातारे होत चालले होते, हरून हरून सोडून जात होते. म्हणून खेळताना डोक्याला लावायची पट्टी गेली काही वर्षं प्रत्येकाच्या मेंदूचा वेग ओळखायची आणि त्याच्यापुरता राक्षस तेवढा संथ व्हायचा. तेव्हापासून कुणीच हरलं नव्हतं.

“म्हणजे आम्हाला लिंबूटिंबू केलंस होय गं?” मालिनीताईंचा आवाज उतरला. “लहानपणी धाकट्यांना तसं खेळायला घ्यायचो आम्ही. ती आउट व्हायची नाहीत, पण त्यांच्यामागे कुणी धावायचंही नाही.”

शर्वरीने त्यांचा राक्षस पूर्वीसारखा केला.

पहिल्याच घावात मालिनीताई आडव्या झाल्या. शर्वरीला वाटलं, आता याही जाणार, दुसरं काय!

पण पडद्यावर मालिनीताई धापा टाकत हसत होत्या.

“मेल्या,” त्या राक्षसाला म्हणाल्या, “इतकी वर्षं होतास कुठे?”