खोडरबर पडला

“मुलांचं नंतर बघू, सर. आधी तुम्हीच वाजवून दाखवा,” मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या आणि मुलांच्या बुटक्या खुर्चीवर कशाबशा बसल्या. गुडघे पार हनुवटीपर्यंत आले, पण चेहऱ्यावरचा दरारा काही कमी झाला नाही.

सर व्हायोलिनची पेटी उघडू लागले.

बाई शाळेत नव्या होत्या. पहिलीच्या मुलांचा व्हायोलिनचा तास पुढच्या वर्षी ठेवायचा की नाही, हे आज ठरायचं होतं. तिथे नुसते खेळ चालतात, असं त्यांच्या कानावर आलं होतं. आणि ते अगदीच खोटं नव्हतं. खिडकीखाली चपलांच्या खोक्यांची व्हायोलिनं रचून ठेवली होती, रबरबँडच्या तारा लावलेली. पुठ्ठ्याच्या नळ्या होत्या. नळी खांद्यावर धरायची आणि बोगद्यातून गाडी जावी तशी काठी तिच्यातून सरळ न्यायची. पेन्सिली होत्या; उभ्या पेन्सिलीवर बोटं मुंगीसारखी चढवायची, उतरवायची. खरं व्हायोलिन हातात पडायच्या आधी प्रत्येक नव्या मुलाला खोक्यापासून सुरुवात करावी लागे. त्यात कुणाला सूट नव्हती.

पण मुलांचा जीव की प्राण होता तो खोडरबर. त्यावरून सरांचं नावच खोडरबर सर पडलं होतं. सरांनी उजव्या पंजाच्या पाठीवर खोडरबर ठेवायचा आणि व्हायोलिनचा गज तारांवर ओढायचा. खोडरबर पडला की मुलांनी “पडला!” म्हणून ओरडायचं. जो पहिला ओरडेल त्याने सरांचं काय चुकलं ते सांगायचं, आणि तोच खोडरबर आपल्या हातावर ठेवून नीट वाजवून दाखवायचं. सरांची चूक काढायची म्हटल्यावर अकराच्या अकरा मुलं डोळ्यांत तेल घालून बसत.

हा खेळ सरांनी शोधून काढला, असं सगळे म्हणत. खरं काय ते सरांनाच ठाऊक होतं. गेल्या वर्षी एका सकाळी, पंजा कसा स्थिर ठेवायचा ते खोडरबर ठेवून दाखवताना, त्यांचा हात थरथरला आणि खोडरबर टपकन खाली पडला. तीस वर्षं वाद्यवृंदात वाजवलेला तो हात! मुलं बघतच राहिली. सरांच्या तोंडून निघून गेलं, “मुद्दाम पाडला! सांगा बघू, का पडला?”

तेव्हापासून हात जास्त जास्त थरथरत गेला आणि खेळ जास्त जास्त रंगत गेला. सरांनी कुणालाच काही सांगितलं नाही. एवढ्याएवढ्याशा पोरांना आपण फसवतोय, हे मात्र रोज घरी जाताना त्यांना टोचत राही. पण थरथरणाऱ्या हाताला शिकवायला कोण ठेवील? आणि हा तास गेला, तर व्हायोलिनची पेटी उघडायला दुसरं निमित्त तरी काय होतं?

सरांनी व्हायोलिन हनुवटीखाली धरलं. खोडरबर टेबलावरच राहू दिला. आज ती जोखीम नको. पहिला सूर बरा लागला. दुसऱ्याला हात हलला, गज तारेवर उड्या मारू लागला आणि थंडीने दात वाजावेत तसा आवाज निघाला.

“चुकलं! चुकलं!” मुलांनी एकच गिल्ला केला.

“मी आधी! मी आधी!” पुढच्या ओळीतली एक मुलगी उभी राहिली. तिला सगळे चिमणी म्हणत. पुढचे दोन दात पडलेले, आवाज मात्र खणखणीत. “सर, अंगठा ताठ झाला तुमचा. आणि खांदा बघा, कानाला लागलाय!” तिने टेबलावरचा खोडरबर आपल्या हातावर ठेवला, छोटं व्हायोलिन उचललं आणि गज या टोकापासून त्या टोकापर्यंत असा ओढला, की पट्टीने रेघ मारावी. खोडरबर जागचा हलला नाही.

बाई पुढे झुकल्या. “म्हणजे सर, तुम्ही मुद्दाम चुकलात?”

‘हो’ म्हटलं की सुटका होती. सरांनी मुलांकडे पाहिलं आणि जिभेवर आलेला ‘हो’ गिळला. “बाई, मला जरा सांगायचं होतं...”

“थांबा, हिलाच विचारते. इकडे ये गं. सर मुद्दाम चुकतात का?”

चिमणीने एकदा सरांकडे पाहिलं. मग बाईंच्या कानाशी तोंड नेलं. तिची कुजबुज नेहमीच पार दारापर्यंत ऐकू जाई.

“नाही हो बाई. त्यांचा हात थरथरतो, माझ्या आजोबांसारखा. आम्हाला सगळ्यांना माहितीये. पण आम्हाला कळलंय हे सरांना कळलं, तर ते यायचेच बंद होतील ना! म्हणून आम्ही मोठ्यांदा ओरडतो. तुम्ही पण सांगू नका हं.”

बाकीची दहा मुलं चिमणीकडे डोळे वटारून बघत होती. सरांना मान वर करवेना.

बाई उठल्या. चिमणीच्या हातातला खोडरबर त्यांनी घेतला आणि सरांच्या पंजावर अलगद ठेवला. मग पुन्हा त्या बुटक्या खुर्चीत जाऊन बसल्या.

“पुन्हा वाजवा, सर.”

सरांनी गज ओढला. खोडरबर टपकन पडला.

“पडला!” सगळ्यांच्या आधी ओरडल्या त्या बाई. आणि नियमाप्रमाणे वाजवून दाखवायला त्यांनी सरांच्या व्हायोलिनसाठी हात पुढे केला.

चिमणी धावत खिडकीकडे गेली. चपलांचं एक खोकं आणून तिने बाईंच्या हातात ठेवलं.

“ते नाही, बाई. तुम्ही नवीन आहात ना? आधी हे.”