पाणी तयार होईपर्यंत

सून घर सोडून गेली, तिचं कपाटही गेलं. त्या रिकाम्या कोपऱ्यात आईने हट्टाने प्रवाळासाठी खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. बारा दिवस झाले, तरी आत नुसते दगड आणि पाणी. रोज सकाळी चष्मा लावून ती छोट्या नळीत थोडं पाणी घ्यायची, त्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकून रंग बघायची. रंग हिरवाच, म्हणजे पाणी जिवांसाठी अजून विषारी.

शेवटी मुलाला राहवेना. पिशवीत एक नारिंगी मासा घेऊनच तो घरी आला.

"आधी परत देऊन ये," आई म्हणाली. "पाणी तयार नाही अजून."

"एवढं काय गं त्यात? रुळेल की हळूहळू."

आईने पिशवी पुन्हा त्याच्या हातात दिली.

"तुझ्या बायकोला आणलं, तेव्हा मीही हेच म्हणाले होते."