मानाचं बोलावणं

गुरुजी संध्येला बसले होते, म्हणून फोन शरयूबाईंनी उचलला. थोरल्या दिरांचा मुलगा होता. "काकू, बाबा गेले. संध्याकाळपर्यंत काकांची वाट बघतो."

शरयूबाईंनी फोन खाली ठेवला. आजवर प्रत्येक नव्या नगराध्यक्षानं खुर्चीवर बसताना पूजेला बाहेरून बडे गुरुजी आणले होते. गावातल्याला कुणी विचारलं नव्हतं. आज पहिल्यांदाच गुरुजींना बोलावणं होतं. सुतकात पूजा कशी सांगणार? पण बातमी कानावर पडेपर्यंत सुतक लागत नाही, हे गुरुजींनीच तर शिकवलं होतं.

"अगं, उपरणं दे," संध्या आटोपून गुरुजी म्हणाले.

"तुम्हीच घ्या," शरयूबाई लांबूनच म्हणाल्या. त्यांना स्वतःला मात्र सुतक लागलं होतं.

दुपारी गुरुजी गळ्यातल्या हारासकटच घरात आले. "नगराध्यक्ष पाया पडले गं माझ्या! आधी दादाला फोन लाव. मंत्र त्यानंच शिकवले. म्हणायचा, एक दिवस तुलाच बोलावतील."

शरयूबाई जागच्या हलल्या नाहीत. "पाणी तापवलंय. आंघोळ करून घ्या."

"भर दुपारी? सकाळीच तर..." गुरुजींनी बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि गळ्यातला हार काढायला घेतला.