भिंतीवरची माणसं

धाकटीचा बूट थेट कलाकृतीत जाऊन पडला.

कलाकृती म्हणजे संग्रहालयात मांडलेला जुन्या टायरांचा ढीग. दोरीच्या पलीकडे, दिव्यांच्या झोतात. बापाने दोरी ओलांडायला पाय उचलला, तेवढ्यात पहारेकरी ‘अहो, अहो’ करत धावत आला. त्याने खिशातून पांढरे हातमोजे काढले, नीट चढवले आणि मग ढिगात हात घालून बूट काढून दिला.

“हा बूट आधीपासून त्यातलाच नव्हता, हे कसं कळलं तुम्हाला?” थोरलीने विचारलं.

पहारेकरी विचारात पडला. एरवी बाप पोट धरून हसला असता, पण आज तेवढंही त्राण नव्हतं. बेकरीतली रात्रपाळी संपवून तो घरी गेला होता, दोघींना दूध देऊन, त्यांच्या वेण्या घालून तसाच इथे आला होता. कोपरांना अजून पीठ होतं. डोळे मिटले की भट्टी दिसत होती.

“घरी जाऊ या,” धाकटीने पुन्हा भुणभुण लावली.

“आईला बघायचंय ना आपल्याला?”

“नको. सरकता जिना बघायचाय.”

तिचं तरी काय चुकत होतं? ती रांगायला लागायच्या आत आई गेली. फोटो होते, पण तीन वर्षांच्या पोरीच्या लेखी फोटो म्हणजे कागद. व्हिडिओ तर खंडीभर होते, पण ते सगळे आईनेच काढलेले. थोरली नाचतेय, बाप कलिंगड कापतोय, आणि आई म्हणजे मोबाइलमागून येणारा ‘इकडे बघा, इकडे’ एवढा आवाज. चालती-बोलती, पापण्या मिटणारी आई कुठेच नव्हती.

मग एक दिवस मुलींच्या आत्याचा फोन आला. “दादा, मी संग्रहालयात आलेय. इथे एक फिल्म लागलीय. त्यात वहिनी आहे रे. भिंतभर वहिनी!”

तेव्हा कुठे त्याला आठवलं. धाकटीच्या जन्माआधी कुणी एक कलाकार बाजारात स्टूल आणि कॅमेरा मांडून बसला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला विनवत होता, बोलू नका, हलू नका, फक्त मिनिटभर कॅमेऱ्याकडे बघा. बायकोने त्या दिवशी घरी येऊन पिशवी खाली ठेवायच्या आधीच सांगितलं होतं, “अख्खं एक मिनिट गप्प बसले मी! बक्षीस द्यायला हवं मला.”

प्रदर्शन बरेच दिवस चालू होतं. बाप रोज ‘उद्या जाऊ’ म्हणत राहिला. तिला पुन्हा बघायचं म्हटलं की त्याला दुसरंच काहीतरी काम आठवायचं. आज शेवटचा दिवस होता. आता ‘उद्या’ म्हणायची सोय राहिली नव्हती.

फिल्मची खोली अंधारी होती. मधोमध एक बाक, आणि समोरच्या भिंतीवर जमिनीपासून छतापर्यंत एक म्हातारा, थेट समोर बघणारा. मिनिटभराने तो गेला, एक शाळकरी मुलगा आला. मग हातात भाजी घेतलेली एक बाई. सगळे नुसते बघत होते.

“कोण कधी येणार, काही सांगता येईल का?” बापाने दाराशी उभ्या असलेल्या बाईंना विचारलं.

“नेम नाही हो. यंत्र हवं त्याला पुढे करतं, तेही दिवसातून एकदाच. कलाकाराला तसंच हवंय.”

कलाकाराच्या घरी लहान पोरं नसावीत.

ते बसून राहिले. धाकटीला तहान लागली. मग शू लागली. तिला काखेत मारून बाप पळत गेला आणि पळत आला. “येऊन गेली?” त्याने धापा टाकत विचारलं. थोरलीने मान हलवली, नाही. धाकटीने मग बाकाखाली लोळण घेतली, बिस्किटासाठी भोकाड पसरलं, दाराशी उभ्या बाईंचं ‘श्शऽऽ’ ऐकून ते आणखी वाढवलं, आणि शेवटी बापाच्या खांद्यावर मान टाकून गप्प झाली. बापाच्याही पापण्या जड झाल्या होत्या. तो स्वतःच्या मांडीला चिमटे काढत बसला.

आणि भिंतीवर बायको आली.

वाऱ्याने विस्कटलेले केस. हसू दाबताना एका बाजूला मुडपलेला ओठ. तिने पापण्या मिटल्या, उघडल्या. आपल्याला रडू कोसळेल असं त्याला वाटलं होतं, पण रडायला वेळ कुठे होता? मिनिट तर सुरू झालं होतं.

“ऊठ, बाळा. आई आली बघ.”

धाकटी गाढ झोपली होती. त्याने तिला गदागदा हलवलं. ती कुरकुरली आणि त्याच्या मानेत आणखी खोल शिरली. त्याने तिला सरळ बसवलं, तर मान लुळी पडली.

“अगं, एवढ्यासाठी तर आलो आपण!” त्याचा आवाज फाटला. “एकदाच डोळे उघड. एकदाच, राणी. परत नाही दिसायची ती.”

भिंतीवर बायको तशीच समोर बघत होती. अर्धंअधिक मिनिट सरलं असावं. त्याने पुन्हा धाकटीचे खांदे धरले, तेव्हा थोरलीने त्याचा हात बाजूला केला. ती बाकावर उभी राहिली. धाकटीच्या तोंडावर आलेले केस तिने मागे सारले आणि तो झोपलेला चेहरा अलगद भिंतीकडे वळवला.

“झोपू दे तिला, बाबा,” ती म्हणाली. “केवढी झालीय ते आईला बघू दे.”